विमानाचा धूर आणि आपले शिवार

कलबुर्गीच्या पूर्वेस श्रीनिवास सरडगी गावाजवळ विमानतळ झाला आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथून प्रवासी सेवा सुरू झाली. बीदरला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र पूर्वीपासूनच आहे. तेथे नागरी विमानसेवा फेब्रुवारी २०२० मध्ये आली. पोराचा खोकला हटेना, तुरीचा फुलोरा गळाला, की मनात शंका येते : हे विमानाच्या धुराने तर नसेल? शंका रास्त आहे, पण उत्तर हिशेबानेच मिळते.

विमान खूप उंच असताना त्याचा धूर गावच्या हवेत फारसा उतरत नाही. म्हणून हिशेब सुमारे ३,००० फुटांखालचाच धरतात. आंतरराष्ट्रीय नियमात यासाठी ठरीव वेळा आहेत : उतरताना ४ मिनिटे, जमिनीवर चालताना २६ मिनिटे, उड्डाणास ४२ सेकंद आणि वर चढताना २.२ मिनिटे. त्या वेळेत जळणारे इंधन आणि दर किलो इंधनामागे निघणारा वायू यांचा गुणाकार करावयाचा. जमिनीवर संथ चालताना कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळालेले इंधन जास्त निघते. पूर्ण जोर लावताना नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त निघतात. लहान विमानतळावर विमाने रांगेत खोळंबत नाहीत. तेथे २६ मिनिटे धरली तर हिशेब फुगतो. खरी वेळ घड्याळ लावूनच घ्यावी.

पुढचा प्रश्न वाऱ्याचा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बहुधा पूर्वेकडून. त्यातच हिवाळ्याच्या पहाटे धूर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हवा मोजावी. दोन्हींतला फरक हाच विमानतळाचा वाटा.

एक गोष्ट ध्यानात ठेवू या. जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कलबुर्गीचे नाव होते, म्हणजे विमानतळ सुरू होण्याआधीच. रस्त्याची धूळ, वाहने, कारखाने, शेतात पेटविलेल्या तुराट्या आणि घरची चूल यांचा धूर सारा विमानाच्या माथी मारता येणार नाही. मात्र शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांबद्दल जरूर विचारावे. त्यांपैकी पुष्कळ विमाने शिसेमिश्रित पेट्रोलवर चालतात, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. मोठ्या विमानांच्या इंधनात शिसे नसते.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपण काय करावे? वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, जवळ काय जळत होते आणि कोणाला त्रास झाला, हे लिहून ठेवावे. ती वही जोडून ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोन्ही बाजूंच्या मोजणीची मागणी करावी. तुराट्या शेतात पेटवू नयेत. चुलीचा धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी. आणि दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर विमानाला दोष देत घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोग असेल तर औषध तेथे मोफत मिळते.