लांबच लांब लहरींचे घड्याळ

येत्या १५ एप्रिलला एक सोपा प्रयोग करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर गावी मोकळ्या पटांगणात एक सरळ काठी ओळंब्यात उभी रोवा आणि तिच्या सावलीवर नजर ठेवा. सावली सर्वांत आखूड झाली, की मध्यान्ह झाली. पण त्या क्षणी घड्याळात पाहिलेत तर बारा नव्हे, बारा वाजून सुमारे सोळा मिनिटे झालेली दिसतील!

घड्याळ बिघडलेले नाही बरे! आपली भारतीय प्रमाण वेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची वेळ आहे आणि केळापूर साधारणपणे ७८.५ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून चार अंशांना १६ मिनिटे. (१५ एप्रिल हा दिवस मुद्दाम निवडला. वर्षातल्या बहुतेक दिवशी सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे किंवा मागे असतो. त्या दिवशी तो फरक जवळजवळ शून्य असतो.)

म्हणजे सूर्य केळापूरची वेळ सांगतो, देशाची नव्हे. १ जानेवारी १९०६ पासून लागू झालेली प्रमाण वेळ गावात बाहेरूनच यावी लागते. आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावणारे एखादे आजोबा तुमच्या घरीही असतील. त्यांना सेकंदाची अचूकता पुरेशी होती. पण सर्वांनाच ती पुरते का?

चार सेकंदांची किंमत

वरचे गणित आता उलटे करू. समुद्रातल्या जहाजाला आपले रेखांश काढायचे असतात. सूर्य किंवा तारे पाहून तेथील स्थानिक वेळ कळते. तिची ग्रिनिचच्या वेळेशी तुलना केली की रेखांश मिळतात. पण जहाजावरचे घड्याळ ४ सेकंदांनी चुकले, तर उत्तर एक कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकते. मुंबईच्या आसपासच्या समुद्रात हे अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर भरते. काळोख्या रात्री खडक टाळायला एवढी चूक पुरेशी घातक आहे.

म्हणूनच भर समुद्रातही ऐकू येईल असा वेळेचा संकेत हवा होता. इंग्लंडमधील रग्बी येथे १९२६ मध्ये जीबीआर हे प्रचंड प्रेषण केंद्र सुरू झाले आणि १९२७ पासून त्यावरून वेळेचे संकेत जाऊ लागले. त्याची वारंवारता होती अवघी १६ किलोहर्ट्झ. तीन ते तीस किलोहर्ट्झ या पट्ट्याला अतिनीच वारंवारतेचा पट्टा म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला १६ हजारांनी भागा. एकेक लहर १८.७५ किलोमीटर लांब!

अशा लहरी जमीन आणि वातावरणातला आयनांबर हा विद्युत्‌भारित थर यांच्या मधून, एखाद्या बोगद्यातून जावे तशा, हजारो किलोमीटर जातात. समुद्राच्या पाण्यातही त्या काही मीटर शिरतात. त्यामुळेच पाणबुड्यांशी संपर्क ठेवण्यासाठी आपल्या नौदलाने १९९० मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आय.एन.एस. कट्टबोम्मन हे केंद्र सुरू केले. अशाच दुसऱ्या केंद्राची पायाभरणी २०२४ मध्ये तेलंगणातील विकाराबाद येथे झाली. ते ठिकाण केळापूरपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. अर्थात ही केंद्रे संदेशांसाठी आहेत, वेळ सांगण्यासाठी नव्हेत.

जड झोपाळा

आता अडचण पाहा. चांगल्या आकाशकाची, म्हणजे एरियलची, उंची लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी. येथे ती ४.७ किलोमीटर होते. जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक! रग्बीला २५० मीटरचे १२ मनोरे होते, तरी लहरीच्या मानाने ते ठेंगणेच. अशा ठेंगण्या आकाशकातून शक्ती बाहेर पडावी म्हणून तो एकाच वारंवारतेला फार काटेकोरपणे जुळवावा लागतो.

असा आकाशक म्हणजे जड सागवानी झोपाळाच. एका धक्क्याने तो झोके घेत नाही आणि पाय टेकवताच थांबतही नाही. संकेत सुरू केला, तरी लहरी पूर्ण जोर धरायला कित्येक मिलिसेकंद लागतात. मग ‘टक्’ असा धारदार ठोका कसा निघणार?

लघुलहरींना ही अडचण नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे एटीए हे केंद्र १९५९ पासून पुढे अनेक वर्षे १० मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरींवर वेळ सांगत असे. तिचे ठोके धारदार होते. पण त्या लहरी उंच आयनांबरावर आपटून खाली येतात. दिल्ली ते केळापूर सरळ अंतर सुमारे ९६० किलोमीटर. परावर्तन २५० किलोमीटर उंचीवर झाले, तर वाट सुमारे १,०८० किलोमीटरची. ३५० किलोमीटरवर झाले, तर सुमारे १,१९० किलोमीटरची. म्हणजे पोहोचण्याच्या वेळेत सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत तीन-चारचा फरक पडला, आणि ही उंची तासागणिक बदलत असते. ठोका धारदार, पण वाट बेभरवशाची!

ठोका नको, पावले मोजा

लांब लहरींचे याच्या उलट. ठोका बोथट, पण वाट पक्की. त्यांच्या बोगद्याचे छत दिवसा सुमारे ७० किलोमीटरवर असते आणि रात्री ९० किलोमीटरच्या आसपास जाते. मात्र हा बदल रोज जवळजवळ तसाच होतो. मग १९५० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ठोका ऐकायचाच नाही. लहरीचे चढउतार आपल्या घड्याळाच्या कंपनांशी जुळवत राहायचे. शेजारून चालणाऱ्या दोघांची पावले जुळतात की मागेपुढे होतात, हे पाहावे तसे. याला कलेची तुलना म्हणतात. (ही ‘कला’ म्हणजे अंशाचा साठावा भाग नव्हे, तर लहर आपल्या आवर्तनात कोठे आहे ते.)

समजा, लहर २० किलोहर्ट्झची आहे. तिचे एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचे. त्याचा पन्नासावा भाग ओळखता आला, तर १ मायक्रोसेकंद कळला. आज दुपारी बारा आणि उद्या दुपारी बारा अशी तुलना केली, की छताचा रोजचा बदलही वजा होतो. एका दिवसात ८,६४० कोटी मायक्रोसेकंद असतात. म्हणजे घड्याळाच्या गतीतली ८,६४० कोटींत एक एवढी चूकही पकडता येते!

मात्र पावले मोजून ‘आत्ता किती वाजले’ ते कळत नाही, फक्त गती कळते. म्हणून पूर्वी प्रयोगशाळांत दोन्ही वापरीत: कोणता सेकंद ते लघुलहरींच्या ठोक्यावरून आणि घड्याळाची चाल लांब लहरींवरून.

आज काय?

जीबीआरचे वेळेचे संकेत १९८६ मध्ये आणि केंद्र २००३ मध्ये बंद झाले. आता जी.पी.एस. आणि आपल्या नाविक मालिकेतील उपग्रहांवरची अणुघड्याळे याहून बारीक वेळ सांगतात. पण उपग्रहाचा संकेत फार क्षीण असतो. तो सहज दाबून टाकता येतो. त्यामुळे लांब लहरींची घड्याळे मोडीत निघालेली नाहीत. रशियाची ‘बीटा’ ही सेवा २०.५ ते २५.५ किलोहर्ट्झवर चालते. जर्मनीत ७७.५, तर जपानमध्ये ४० व ६० किलोहर्ट्झवर अखंड वेळ सांगितली जाते आणि तेथील घरगुती घड्याळे ती ऐकून आपोआप लागतात. भारतात असे केंद्र नाही; म्हणून जपानहून आणलेले तसले घड्याळ केळापूरला साध्या घड्याळासारखेच हाताने लावावे लागते.

तेव्हा १५ एप्रिलला काठी रोवाल, तेव्हा सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खूण करायला विसरू नका. एकच खूण पाहून मध्यान्ह नीट सापडत नाही. ती साऱ्या खुणांच्या ओळीवरून सापडते. लांब लहरींचे घड्याळही हेच शिकवते: एका धारदार क्षणापेक्षा शिस्तीत पडणाऱ्या पावलांवर अधिक विसंबता येते.