ज्वारीवरील किडी

ज्वारीच्या पिकास उगवणीपासून दाणे भरेपर्यंत उपद्रव देणारे कीटक. जगात या पिकावर सु. १५० जातींच्या कीटकांची नोंद झालेली असली, तरी महाराष्ट्रात मोठे नुकसान मोजक्याच जातींमुळे होते. ज्वारीपासून माणसास धान्य व जनावरांस कडबा मिळत असल्याने कोरडवाहू शेतकऱ्याची हानी दुहेरी असते.

खोडमाशी : (ॲथेरिगोना सोकाटा). घरमाशीच्या कुलातील ही लहान करडी माशी १ ते ४ आठवड्यांच्या रोपांवर पडते. मादी पानाच्या खालच्या बाजूस एकेक पांढरे अंडे घालते. एकदोन दिवसांत बाहेर पडलेली अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब कुरतडते. मधला पोंगा सुकतो, सहज उपटून येतो व त्यास कुजकी दुर्गंधी येते. यास ‘पोंगेमर’ म्हणतात. बुडापासून फुटवे येतात. परंतु त्यांची कणसे बहुधा लहान राहतात व उशिरा पक्व होतात.

खोडकिडा : (कायलो पार्टेलस). या पतंगाच्या अळ्या प्रथम पोंग्यातील पाने खातात. पान उलगडल्यावर त्यावर छिद्रांच्या ओळी दिसतात. नंतर त्या ताट पोखरतात, त्यामुळे कोवळ्या रोपात पोंगेमर होते, तर वाढलेल्या पिकाची कणसे पोचट राहतात. कोरड्या ऋतूत अळी धसकटांत व कडब्यात सुप्तावस्थेत राहते. म्हणून धसकटे वेचून जाळणे व कडबा बारीक तोडून वापरणे हितकारक ठरते.

मिज माशी : (स्टेनोडिप्लोसिस सॉर्गिकोला). ही नारिंगी माशी जेमतेम एक दिवस जगते व फुलोऱ्यातील कणसात अंडी घालते. अळी बीजांडकोशातील रस शोषते, त्यामुळे दाणा धरत नाही. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित वाणानंतर लवकर येणारे संकरित व उशिरा येणारे स्थानिक वाण शेजारी-शेजारी घेतले जाऊ लागले. अशा ठिकाणी फुलोऱ्याचा काळ लांबून माशीच्या अनेक पिढ्यांना अन्न मिळते.

इतर किडी : मावा पानांतील रस शोषून गोड, चिकट द्रव टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढून कडब्याची प्रत घसरते. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मुख्यतः मक्यावरील असली, तरी ज्वारीचे पोंगेही खाते.

मराठवाड्यातील पेरणीचा प्रश्न : खरिपात पावसाळा सुरू होताच पेरलेले पीक खोडमाशीतून बरेच वाचते, उशिराच्या पिकावर मात्र आधीच्या शेतांत वाढलेल्या माश्या तुटून पडतात. रबीत हा क्रम उलटतो. लातूर–बार्शी मार्गावरील मुरुड व परिसरातील काळ्या जमिनीत रबी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. सप्टेंबरच्या आरंभी पेरल्यास ओल पुरते, परंतु त्या वेळी माश्यांची संख्या फार असते. ऑक्टोबरमध्ये माश्या कमी होतात, पण दाणे भरताना ओल संपू लागते. त्यामुळे साधारणतः सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ पेरणीस योग्य मानतात. पाऊस लांबला, की वाफसा येईपर्यंत थांबावे लागते व निवडीला वाव उरत नाही.

नियंत्रण : बियाण्यास कीटकनाशक चोळणे, बी थोडे अधिक पेरून विरळणीच्या वेळी कीडग्रस्त रोपे नष्ट करणे व एका शिवारात एकाच सुमारास पेरणी करणे हे मुख्य उपाय होत. ट्रायकोग्रामा हे परजीवी कीटक खोडकिड्याची अंडी नष्ट करतात. रोपावस्थेतील चकचकीत पाने व पानांखालची सूक्ष्म लव खोडमाशीस अंडी घालण्यापासून परावृत्त करतात. प्रतिकारक्षम वाणांच्या निवडीत हे गुण पाहिले जातात. मोहोळ (सोलापूर जिल्हा) येथे निवडलेला मालदांडी (एम ३५-१) हा रबी वाण खोडमाशीस काही प्रमाणात दाद देत नाही. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठानेही ज्वारीचे वाण विकसित केले आहेत. पेरणीची वेळ पावसाच्या हाती असलेल्या प्रदेशात असा वाण हेच सर्वांत स्वस्त संरक्षण होय.