किनाऱ्यावरील फिरते घर : चेन्नई परिसरातील कॅराव्हॅन पर्यटन

प्रवास आणि निवास या दोन्ही सोयी एकाच वाहनात सामावणारे पर्यटन म्हणजे कॅराव्हॅन पर्यटन होय. यातील वाहने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार स्वतःचे इंजिन असलेल्या मोटर कॅराव्हॅनचा, तर दुसरा मोटारीच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या निवासी ट्रेलरचा. हॉटेलच्या इमारती न उभारता पर्यटकांना लहान गावांपर्यंत नेता येते, हा या पर्यटनाचा मोठा गुण मानला जातो. तथापि वाहन चालते असले तरी मुक्काम एका जागी करावा लागतो. ही जागा कोठे असावी आणि तेथील सांडपाणी कोठे जावे, या प्रश्नांच्या उत्तरांवरच या पर्यटनाचे यश अवलंबून आहे. चेन्नईपासून दक्षिणेकडे जाणारा किनारा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

मार्ग आणि स्थळे

नव्या मोजणीनुसार भारताची किनारपट्टी सुमारे ११,०९८ कि.मी. असून त्यांपैकी सुमारे १,०६८ कि.मी. तामिळनाडूला लाभली आहे. चेन्नईहून निघणारा ईस्ट कोस्ट रोड समुद्राला जवळजवळ समांतर जातो. या मार्गावर मुट्टुकाडूची खाडी, कोवलमचा किनारा आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले महाबलीपुरम लागते. पुढे सद्रास येथे डच किल्ला व तरंगमबाडी येथे १६२० मध्ये बांधण्यास प्रारंभ झालेला डॅनिश किल्ला आहे. आणखी दक्षिणेस तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला मनोरा आहे. ही स्थळे एकमेकांपासून दूर विखुरलेली असल्याने फिरत्या निवासाची सोय येथे उपयुक्त ठरू शकते.

हंगामाचा पेच

कोकणात जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. चेन्नईत मात्र पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. वार्षिक सुमारे १,४०० मि.मी. पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस याच महिन्यांतील असतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही याच सुमारास येतात. डिसेंबर २०१६ मधील ‘वरदा’, डिसेंबर २०२२ मध्ये महाबलीपुरमजवळ किनारा ओलांडणारे ‘मंदौस’ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई जलमय करणारे ‘मिचाँग’ ही त्याची उदाहरणे होत. उंच बाजूंचा, वजनाने हलका ट्रेलर जोरदार वाऱ्यात सहज कलंडू शकतो. मे महिन्यातील उकाडा व दमट हवा यांमुळे वातानुकूलनाशिवाय वाहनात राहणे कठीण होते आणि विजेची गरज वाढते.

त्यामुळे प्रवासास सुखकर असा जानेवारी ते मार्च हाच काळ उरतो. परंतु ऑलिव्ह रिडले कासवे याच सुमारास चेन्नईच्या वाळूत अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर कृत्रिम दिवे असतील तर ती उलट जमिनीकडे वळतात आणि मरतात. म्हणजेच पर्यटकांचा उत्तम हंगाम हा कासवांचाही हंगाम असतो. वाळूवर वाहन नेणे आणि रात्रभर दिवे लावणे यांस मनाई करावी लागते, ती यासाठीच.

कायद्याची चौकट

१९९१ आणि २०११ नंतर २०१९ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची, सध्याची अधिसूचना निघाली. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ हा तिचा आधार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ.कि.मी. २,१६१ पेक्षा अधिक घनता असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर इतर ग्रामीण भागात २०० मीटरपर्यंत ‘ना विकास क्षेत्र’ ठरविण्यात आले. ५० मीटरची सवलत मात्र सल्लामसलतीने तयार केलेला व मंजूर झालेला किनारा व्यवस्थापन आराखडा असेल तरच लागू होते. प्रसाधनगृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या यांसारख्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांना काही अटींवर मुभा आहे; प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. महाबलीपुरमसारख्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास प्रतिबंध आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन लागू होते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘पर्यटन’ अशी स्वतंत्र नोंद नाही. जमीन, स्थानिक शासन, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय राज्यसूचीत, यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत, तर राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत आहेत. म्हणून एका कॅराव्हॅनचा मुक्काम हा केंद्र, राज्य आणि ग्रामपंचायत या तिन्ही स्तरांशी संबंधित विषय ठरतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० च्या सुमारास कॅराव्हॅन व त्यांच्या तळांसाठी धोरण आखले. महाराष्ट्र व केरळ यांनी २०२१ मध्ये आपापली धोरणे आणली, तर तामिळनाडूच्या २०२३ च्या पर्यटन धोरणात कॅराव्हॅन पर्यटनास प्राधान्य क्षेत्रांत स्थान देण्यात आले.

तळाची रचना

कॅराव्हॅनमधून दोन प्रकारचे सांडपाणी निघते. स्नान व भांडी धुण्याचे पाणी एका टाकीत, तर शौचालयातील मैला दुसऱ्या बंद टाकीत साठतो. या टाक्या ठरावीक दिवसांनी रिकाम्या कराव्या लागतात. त्यासाठी जोडणीची सोय नसल्यास तो मैला नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात जाण्याचा धोका राहतो. म्हणून पक्का वाहनतळ, पिण्याचे पाणी, वीजजोडणी, मैला उपसण्याची व्यवस्था, कचरा संकलन व सुरक्षा ही तळाची किमान अंगे मानावी लागतात. ही स्थायी स्वरूपाची कामे असल्याने तळ ना विकास क्षेत्राबाहेर, रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस असणे श्रेयस्कर ठरते.

मच्छीमारांचा किनारा

ही वाळू रिकामी नाही. मच्छीमार वस्त्यांसाठी नावा ओढून ठेवणे, जाळी दुरुस्त करणे आणि मासळी सुकविणे यांची ती सामायिक जागा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा मोठा आघातही याच वस्त्यांनी सोसला. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते व तेव्हा अनेक कुटुंबांचे उत्पन्न घटते. तळाची देखभाल, भोजन, मार्गदर्शन ही कामे गावाच्या सहकारी संस्थेकडे किंवा बचत गटांकडे सोपविल्यास पर्यटनाचा पैसा गावातच राहील. उकाड्याच्या या दोन महिन्यांत पर्यटकही कमी असतात, त्यामुळे हंगामातील मिळकतीचा काही भाग बंदीकाळासाठी राखून ठेवण्याची तरतूद करारातच असावी.

कोवलमच्या किनाऱ्यास २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पाण्याची गुणवत्ता, स्वच्छता व सुरक्षा या निकषांवर ते दिले जाते आणि त्याचे नियमित नूतनीकरण करावे लागते. कॅराव्हॅन तळांनाही अशीच नियतकालिक तपासणी लागू केल्यास धोरणातील अटी प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, हे दरवर्षी कळू शकेल. वाहनांची संख्या वाढविण्याआधी तळ आणि मैला उपसण्याची व्यवस्था उभी राहणे, हाच या नियोजनाचा योग्य क्रम होय.