चार शितं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. लवकर येते म्हणून मारुती मंदिरला गेले, आणि पावसाने अशी अडकले की तासाचे तीन तास झाले. घरी सासूबाई आणि माझी आठवीतली लेक, दोघीच.

परत आले तर सासूबाईंना दरदरून घाम, हात थरथरतायत. लेक रडवेली. म्हणाली, "आजी सारखी म्हणत होती, पोटात शीत नाही गो. मी फ्रिजमधलं पाणी दिलं. दोनदा!"

शीत म्हणजे थंड! शीतपेय, शीतगृह... शाळेत तेच शिकलेली. बिचाऱ्या सासूबाई सांगत होत्या, की सकाळपासून भाताचा कण पोटात नाही. डायबेटिसची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. घाईघाईने साखरपाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर मऊभात भरवला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मैत्रिणींनो, चूक लेकीची नव्हती. शब्द माझ्याकडे होता, मी तो तिला दिलाच नव्हता. आमच्याकडे हल्ली 'राइस' वाढतात ना!

संध्याकाळी सासूबाईंनी नातीची शिकवणीच घेतली. शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. संस्कृतात सिक्थ, त्याचं झालं शीत. गोव्यात तर अख्ख्या भातालाच शीत म्हणतात, आमटी-भात नव्हे, शीत-कडी! भात झाला का ते बघायचं तर एक शीत बोटांत चेपायचं, म्हणून शितावरून भाताची परीक्षा. खाणारे जमतात ते जिथे शितं तिथे भुतं. डिंक नसला की पाकीट चिकटवायला शितंच. जेवायचा आग्रह करायचा तर "चार शितं तरी खा."

मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी उकड्या तांदळाची पेज असायची. शितं तळाशी बसायची. ती पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात. आई शेवटी बसायची, तिच्या वाट्याला नुसती निवळ. कुणी विचारलं तर म्हणायची, जेवले की चार शितं." लेक गप्प झाली. मीसुद्धा.

'चार शितं' हा शब्द एवढा थोडा का, ते मला त्या दिवशी कळलं. आपल्या बायका भूक अशीच हळू आवाजात सांगत आल्या. ऐकणाऱ्याला शब्दच ठाऊक नसेल, तर भूक कळणार कशी?

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम. आजीच्या पोटात काही गेल्याशिवाय गोळी नाही, आणि तिच्या उशाशी साखरेची डबी कायम.

आणि हो, परवा मला ताप होता. लेक ताट घेऊन आली नि म्हणाली, "आई, चार शितं खातेस ना?"

खाल्ली. चांगली वाडगाभर.