तहाचें कलम व ध्वनीहून वेगवान विमान

हिंगोलीची छावणी इतिहाससंशोधकांस परिचित आहे. तेथें हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी असत. या फौजेचा खर्च निजामाच्या माथीं होता. तो थकला, आणि इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. खर्चाचें बंधन एकदां पत्करल्यावर त्यांतून सुटणें किती कठीण, याचा हा दाखला होय. दुसरा दाखला अगदीं निराळ्या क्षेत्रांतील, कॉन्कॉर्ड विमानाचा, आम्ही येथें देत आहों.

ध्वनीच्या सुमारें दुप्पट वेगानें उतारू नेणारें हें विमान बांधण्याचा करार ब्रिटन व फ्रान्स यांनीं २९ नोव्हेंबर १९६२ रोजीं केला. ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारपेठेंत प्रवेश हवा होता. फ्रान्सला अमेरिकेच्या वर्चस्वास शह द्यावयाचा होता. परंतु जानेवारी १९६३ मध्यें द गॉल यांनीं ब्रिटनचा प्रवेशच रोखला. १९६४ सालीं अधिकारावर आलेल्या मजूर पक्षास ही योजना सोडावयाची होती; पण करारांत माघारीचें कलमच नव्हतें. फ्रान्स आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावील, या भयानें काम चालू राहिलें.

रशियाचें टीयू-१४४ हें विमान ३१ डिसेंबर १९६८ रोजीं, म्हणजे कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधीं उडालें. पण त्याची उतारू-वाहतूक १९७७-७८ मध्यें जेमतेम सात महिने टिकली. अमेरिकेची योजना तेथील कायदेमंडळानें १९७१ सालीं पैसा नाकारतांच संपली.

मुंबईच्या एअर इंडियानेंही दोन कॉन्कॉर्ड घेण्याचा हक्क राखून ठेविला होता; तो बजावला गेला नाहीं. पुढें लंडन-सिंगापूर मार्गावर, जो १९७७ सालीं निघून १९८० सालीं बंद पडला, भारत सरकारनें आपल्या हद्दींत ध्वनीहून अधिक वेगास परवानगी दिली नाहीं. असें विमान जातें तेव्हां मार्गाखालील साऱ्या पट्ट्यांत मेघगर्जनेसारखा धडाका होतो. तो मार्ग मराठवाड्यावरून गेला असता, तर धडाका हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या वाट्यास व वेळेची बचत धनिक उतारूच्या वाट्यास आली असती.

कॉन्कॉर्ड विमानें एकंदर वीसच झालीं. त्यांपैकीं चौदा वाहतुकींत आलीं. २००३ सालीं ही सेवा थांबली. तहनामे जमविणारांनीं लिहिलेल्या कलमांइतकेंच न लिहिलेल्या कलमांकडेही लक्ष द्यावें, हा यांतील बोध. कोणाच्या संग्रहीं एअर इंडियाचीं त्या काळचीं पत्रकें असल्यास तीं बखरींइतक्याच आस्थेनें जपावीं.