त्रेसष्टांपैकी साठ : अल्बर्टाची पंधरावी विधानसभा

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात १७ जून १९६३ रोजी निवडणूक झाली आणि विधानसभेच्या ६३ जागांपैकी ६० जागा सोशल क्रेडिट या एकाच पक्षाच्या पदरात पडल्या. उरलेल्या तिघांपैकी दोघे लिबरल होते आणि एक आघाडीचा म्हणून निवडून आला होता. कोणत्याही पक्षावर बंदी नव्हती, कोणी तुरुंगात नव्हते, मतदान गुप्त होते. तरीही सभागृहात विरोधक म्हणून उरले ते फक्त तिघे. आपल्याकडे लोकसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी एकदशांश सदस्य असावेत अशी प्रथा आहे. ती तिथे लावली असती, तर एका पक्षाचे सात जण लागले असते, आणि सगळे विरोधक मिळूनही त्याच्या निम्मे भरत नव्हते.

ही सत्ता तेव्हा नवी नव्हती. १९३५ साली, महामंदीने गव्हाचे भाव कोसळले असताना, कॅलगरीचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे धर्मोपदेशक विल्यम अ‍ॅबरहार्ट यांनी सोशल क्रेडिटचा झेंडा उभारला. प्रत्येक प्रौढाला दरमहा २५ डॉलर देऊ, असे त्यांचे वचन होते. लोकांनी त्यांना ६३ पैकी ५६ जागा दिल्या. तोवर राज्य करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. दरमहाचे पैसे काही मिळाले नाहीत. अ‍ॅबरहार्ट १९४३ साली वारले आणि त्यांचे शिष्य अर्नेस्ट मॅनिंग प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले. ते पुढे तब्बल पंचवीस वर्षे त्या खुर्चीवर राहिले. रविवारचे रेडिओप्रवचन त्यांनी प्रीमियर असतानाही चालू ठेवले होते.

मॅनिंग यांचे नशीब जमिनीखालून उघडले. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळ लेडूक येथे खनिज तेल लागले. प्रांतातल्या बहुतेक भूगर्भसंपत्तीचा हक्क १९३० सालच्या करारान्वये ओटावातील केंद्र सरकारकडून प्रांताकडे आला होता, त्यामुळे तेलाचे स्वामित्वशुल्क थेट सरकारी तिजोरीत येऊ लागले. रस्ते, शाळा, रुग्णालये उभी राहिली. १९५७ साली तर सरकारने तेलाच्या उत्पन्नातून नागरिकांना २० डॉलर वाटले. मतदाराची निष्ठा नुसत्या प्रवचनांनी टिकली, असे म्हणणे त्या मतदारावर अन्याय करणारे आहे. त्याच्या गावापर्यंत डांबरी सडक आली होती, आणि ती कोणी आणली हे त्याला ठाऊक होते.

मात्र ९५ टक्के जागा म्हणजे ९५ टक्के लोक नव्हेत. १९६३ मध्ये सोशल क्रेडिटला साधारण ५५ टक्के मते पडली. लिबरलांना सुमारे २० टक्के मते आणि जागा दोन. कॉन्झर्व्हेटिव्हांना सुमारे १३ टक्के मते आणि जागा शून्य. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला जवळपास साडेनऊ टक्के आणि जागा तीही शून्य. याचे मूळ काही वर्षे मागे आहे. १९२० च्या दशकापासून अल्बर्टात पसंतीक्रमाने मतदान होत असे, आपण विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत पाहतो तसे. शहरांमध्ये एका मतदारसंघातून अनेक आमदार निवडले जात, त्यामुळे लहान पक्षांनाही वाटा मिळे. १९५५ साली सोशल क्रेडिटच्या जागा ६१ पैकी ३७ वर घसरल्या. पुढच्याच वर्षी सरकारने ही पद्धत रद्द केली. मतपत्रिका फार बाद होतात, हे कारण देण्यात आले आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण परिणाम पाहावा : १९५९ च्या निवडणुकीत पक्षाची मते साधारण नऊ टक्क्यांनी वाढली आणि जागा ३७ वरून ६१ वर गेल्या, त्याही ६५ पैकी. खेळाडूनेच नियम बदलले होते. मला यात फसवणुकीपेक्षा मोठी गोष्ट दिसते. जिंकण्याची सवय झालेल्या सरकारला स्वतःची सोय आणि लोकांची सोय यांतला फरक दिसेनासा होतो.

त्या विधानसभेत कोण काय बोलले, हे शब्दशः वाचायला मिळत नाही. अल्बर्टाच्या सभागृहातील भाषणांचा अधिकृत शब्दशः वृत्तान्त १९७२ साली सुरू झाला. त्याआधीचे उरले आहे ते कामकाजाचे कोरडे इतिवृत्त आणि वर्तमानपत्रांतील बातम्या. तीन माणसांनी साठ जणांपुढे उभे राहून विचारलेले प्रश्न हवेत विरावेत, याची हळहळ वाटते. लॅक ला बिशचे आमदार मायकेल मॅकॅग्नो विरोधी पक्षनेते म्हणून बोलत होते; ते काय बोलले, हे आपल्याला वार्ताहराच्या कानांनीच ऐकावे लागते.

वर्तमानपत्रांशी या पक्षाचे जुने वैर होते, म्हणून ही गोष्ट अधिकच लागते. १९३७ साली अ‍ॅबरहार्ट सरकारने वृत्तपत्रांना वेसण घालणारे विधेयक संमत करून घेतले. नायब राज्यपालांनी त्याला मंजुरी दिली नाही आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. या विधेयकाविरुद्धच्या लढ्यासाठी ‘एडमंटन जर्नल’ला १९३८ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

१९६६ च्या ऑक्टोबरात पिंचर क्रीक–क्रोजनेस्ट या खाणकामगारांच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे गार्थ टरकॉट निवडून आले. प्रांतिक विधानसभेत ते त्या पक्षाचे एकटेच. सभागृहात येताच त्यांनी एका विद्यमान आणि एका माजी मंत्र्याच्या व्यवहारांवर बोट ठेवले. सत्ताधारी बाकांवरून संतापाचा भडका उडाला. प्रकरण शेवटी न्यायमूर्ती किर्बी यांच्या चौकशीपर्यंत गेले. चौकशीत दोघांवरही कायदा मोडल्याचा ठपका आला नाही, आणि टरकॉट स्वतः पुढच्याच निवडणुकीत पडले. तरीही एका आमदाराच्या आग्रहाने न्यायालयीन चौकशी बसली, ही गोष्ट लहान नाही.

१९६७ साली याच अल्बर्टाने लोकपाल नेमला, आणि असा अधिकारी कॅनडात त्याआधी नव्हता. पोलीस दलाचे माजी आयुक्त जॉर्ज मॅक्लेलन त्या पदावर बसले. विरोधक जवळजवळ नसलेल्या राज्यात नागरिकाची तक्रार ऐकायला कोणी तरी हवा, ही जाणीव सरकारलाही होती, याचे श्रेय मॅनिंग यांना द्यायला हवे.

दरम्यान, १९६५ मध्ये, पीटर लॉहीड या कॅलगरीच्या तरुण वकिलाने विधानसभेत एकही जागा नसलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेतृत्व स्वीकारले होते. मे १९६७ च्या निवडणुकीत त्यांच्या सहा जागा आल्या. सोशल क्रेडिटला ५५ जागा मिळाल्या, पण मते ४५ टक्क्यांच्या आत गेली. मॅनिंग १९६८ च्या डिसेंबरात निवृत्त झाले. १९७१ मध्ये ७५ पैकी ४९ जागा लॉहीड यांनी जिंकल्या आणि छत्तीस वर्षांची सत्ता एका दिवसात संपली. सोशल क्रेडिट पुन्हा कधी सत्तेवर आला नाही. १९८२ मध्ये त्याचा शेवटचा आमदारही उरला नाही. त्याच १९८२ मध्ये लॉहीड यांच्या पक्षाने ७९ पैकी ७५ जागा मिळवल्या आणि तो पक्ष २०१५ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, सत्तेत राहिला.