कवच उरले, देह गेला

वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचे थर दबलेले आहेत. त्यांतील सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडांत सिलिका अशी झिरपली, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना आजही ओळखता यावी. नागपूरनजीक टाकळीच्या अशाच थरांतून स्टीफन हिस्लॉप यांनी कीटक आणि दुहेरी कवचाचे इवलेसे जलचर मिळविले. १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी कीटकांचे, तर रूपर्ट जोन्स यांनी जलचरांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे दोन्ही संधिपादच; पण हाती आली ती मुख्यतः कवचे व भुंगेऱ्यांचे कठीण पंख. जनगणनेत केवळ पक्की घरे मोजावीत, तसाच हा प्रकार!

कॅनडातील बर्जेस (१९०९) व चीनमधील चेंगजिआंग (१९८४) येथे मात्र बारीक चिखलाने प्राणी झटकन गाडले गेले. प्राणवायूअभावी कुजणे खुंटले. म्हणून ५० कोटी वर्षांहून जुन्या संधिपादांचे कल्ले व अन्ननलिका दिसतात. फुक्सियनहुइयाच्या मेंदूचे ठसेही २०१२ मध्ये वर्णिले गेले. डोक्याचे कोणते उपांग कोणत्या खंडाचे, हा जुना वाद कवचावरून सुटत नाही; त्यास मज्जातंतूंची साक्ष लागते. बर्जेसमध्ये विपुल सापडणारा मरेला तर एरवी अज्ञातच राहिला असता.

लाकडाच्या पेशी राखणारा नवरगावचा दगड तपासण्यापूर्वीच खडीत जाणे परवडणारे नाही. भूवारसा-स्थळांच्या संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या संरक्षणात नवरगावचा समावेश व्हावा, अशी लेखी मागणी वर्ध्यातील महाविद्यालयांनीच करावयास हवी.